विश्लेषण : वाइन चाखायला नाशिक, पण मुक्काम कशासाठी? द्राक्षबागेतल्या खोलीमागचे गणित

शुक्रवारी संध्याकाळी मुंबई-पुण्याहून नाशिककडे निघालेल्या सगळ्याच गाड्या आता पंचवटी, त्र्यंबकेश्वर किंवा वणीला जात नाहीत. बऱ्याच गाड्या गंगापूर धरणाच्या रस्त्याला लागतात. तिथे द्राक्षबागा आहेत, वायनरी आहेत आणि बागेकडे तोंड करून बांधलेल्या खोल्या आहेत. पंधरा-वीस वर्षांपूर्वी या भागात लोक फार तर धरण बघायला यायचे आणि संध्याकाळी परत फिरायचे. आता ते रात्रभर राहतात.

हा बदल कसा झाला? वाइन बनवणाऱ्या कंपनीला हॉटेल कशाला हवे? ज्याच्या बागेचे फोटो आपण इन्स्टाग्रामवर टाकतो, त्या शेतकऱ्याच्या हातात यातले काय पडते? आणि ‘फक्त चाखली’ म्हणून गाडी चालवत परत निघालो तर काय होऊ शकते? समजून घेऊ.

द्राक्षांच्या जिल्ह्यात वाइन कधी आली?

नाशिकची द्राक्षे जुनी, वाइन त्या मानाने नवी. ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ च्या सुमारास द्राक्षलागवड सुरू केली, असे मानले जाते. पुढे निफाड, दिंडोरी, चांदवड या पट्ट्यात द्राक्ष हेच मुख्य नगदी पीक झाले. ही सगळी खाण्याची द्राक्षे होती : थॉमसन सीडलेस, सोनाका, शरद सीडलेस वगैरे.

महाराष्ट्रात आधुनिक वाइनची सुरुवात १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला झाली. शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने तिथे स्पार्कलिंग वाइन बनवली आणि ती परदेशातही विकली. पुढे ही कंपनी कर्जात बुडाली. दरम्यान, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात इंजिनीअरिंग शिकून आलेले राजीव सामंत यांनी नाशिकमधल्या घरच्या जमिनीवर आंबा आणि खाण्याची द्राक्षे करून पाहिली आणि मग वाइनची द्राक्षे लावली. कंपनीला नाव दिले ‘सुला’, आईच्या सुलभा या नावावरून. सुलाची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली.

२००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क ठरले, उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि बघता बघता वायनरींची संख्या वाढली. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही, म्हणजे जीआय टॅगही, मिळाले आहे.

वाइन पर्यटन म्हणजे नेमके काय?

सोप्या भाषेत, वाइन जिथे बनते तिथे जाऊन ती बघणे, चाखणे आणि विकत घेणे. बागेतून फेरफटका, टाक्या आणि लाकडी पिंपे ठेवलेल्या तळघराची माहिती, मग टेस्टिंग, असा साधारण क्रम असतो.

सुलाने २००५ मध्ये अशी टेस्टिंग रूम सुरू केली. देशातल्या वायनरीतली ती पहिली मानली जाते. २००८ पासून ‘सुलाफेस्ट’ हा संगीत महोत्सव सुरू झाला आणि २०१० मध्ये कंपनीने राहण्यासाठी रिसॉर्ट उघडले. पुढे इतरही याच वाटेने गेले. गंगावऱ्हे परिसरात सोमा वाइन व्हिलेज आहे, इगतपुरीजवळ मुकणे धरणाच्या काठाला व्हॅलोने आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्ली आहे. मोहिते-पाटील कुटुंबातले भाऊ आणि इटलीतले भाऊ यांच्या भागीदारीतून ती उभी राहिली. ‘फ्रातेल्ली’ म्हणजे इटालियन भाषेत ‘भाऊ’.

वाइनशी संबंध नसलेला मुक्कामाचा पर्यायही आहे. गंगापूर धरणाजवळ एमटीडीसीचे ‘ग्रेप पार्क रिसॉर्ट’ आहे.

वायनरीला खोल्या कशाला हव्यात?

याची तीन मुख्य कारणे आहेत आणि तिन्ही व्यवहाराची आहेत.

पहिले कारण जाहिरात. आपल्याकडे टीव्हीवर मद्याची जाहिरात करता येत नाही. साबण किंवा चहा विकणारी कंपनी जे करते, ते वाइन कंपनीला करता येत नाही. मग ग्राहकाला बागेतच आणायचे. तो दोन दिवस राहतो, फोटो काढतो, मित्रांना पाठवतो. कंपनीची जाहिरात होते आणि तिचे पैसे ग्राहकच भरतो.

दुसरे कारण मधली साखळी. बाटली वायनरीतून निघाली की घाऊक वितरक, दुकानदार किंवा हॉटेल असे टप्पे येतात आणि प्रत्येकाचा वाटा जातो. शिवाय मद्य हा राज्यांचा विषय असल्याने प्रत्येक राज्याचे शुल्क, परवाने आणि लेबल नोंदणी वेगळी. मुक्कामाला आलेल्या पाहुण्याने बागेतल्याच दुकानातून सहा बाटल्या घेतल्या, तर यातले बरेच टप्पे वाचतात.

तिसरे कारण रोख पैसा. वाइनची द्राक्षे वर्षातून एकदाच येतात, साधारण जानेवारी ते मार्च. त्या तीन महिन्यांत कंपनीला वर्षभराचा कच्चा माल घ्यावा लागतो. त्यातली काही वाइन काही महिन्यांत विकता येते, काही लाल वाइन मात्र वर्ष-दोन वर्षे पिंपात राहते. म्हणजे पैसा आज जातो आणि उशिरा परत येतो. खोलीचे तसे नसते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. २० खोल्या, भाडे ७,००० रुपये आणि सरासरी ६० टक्के खोल्या भरलेल्या. रोज १२ खोल्यांचे ८४,००० रुपये, महिन्याला सुमारे २५ लाख. यातून खर्च वजा होतो हे खरे, पण पैसे रोज येतात. जेवण आणि वाइनची विक्री वेगळीच. सुला २०२२ मध्ये शेअर बाजारात आली, तेव्हापासून गुंतवणूकदार तिच्या बाटल्यांच्या आकड्यांसोबत पर्यटनाचे आकडेही बघतात, ते यामुळेच.

बिलावर दोन वेगळे कर का दिसतात, याचे उत्तरही इथेच आहे. पिण्याचे मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. खोलीवर मात्र जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्याहून महाग खोलीवर १८ टक्के.

‘फक्त चाखली’ आणि गाडी चालवली तर?

मुक्कामाचे सगळ्यात महत्त्वाचे कारण हे आहे आणि त्यावर सगळ्यात कमी बोलले जाते. ‘टेस्टिंग म्हणजे काय, दोन-दोन घोट तर असतात,’ असे आपण सहज म्हणतो. आता हे गणित करून पाहू.

समजा, पाच वाइन चाखल्या आणि प्रत्येक वेळी ३० मिली. एकूण १५० मिली. वाइनमध्ये साधारण १३ टक्के अल्कोहोल धरले, तर शरीरात सुमारे साडेपंधरा ग्रॅम अल्कोहोल गेले. रक्तातल्या प्रमाणाचा अंदाज काढायला विडमार्क नावाचे एक जुने सूत्र वापरतात. त्यानुसार ७० किलो वजनाच्या पुरुषात हे प्रमाण १०० मिली रक्तामागे सुमारे ३२ मिलिग्रॅम येते. ५५ किलो वजनाच्या स्त्रीमध्ये ते ५० च्या आसपास जाते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम.

म्हणजे एकही पूर्ण ग्लास न मागवता, निव्वळ टेस्टिंगवर माणूस कायद्याच्या रेषेवर किंवा रेषेपलीकडे पोहोचू शकतो. पोटात किती अन्न आहे, किती वेळात प्यायली, यावर आकडा कमी-जास्त होतो. शरीर साधारण तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास कमी करते. लिंबूपाणी, कॉफी किंवा तोंडावर पाणी मारून हा वेग वाढत नाही. आणि टेस्टिंगनंतर जेवताना एक ग्लास घेतलाच, तर हिशेब संध्याकाळपर्यंत लांबतो.

पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पण प्रश्न दंडापुरता नाही. मुंबईकडे परतताना समोर कसारा घाट असतो आणि बागेतून महामार्गाला लागेपर्यंतचे रस्ते गावांमधून जातात. त्याच रस्त्यावर रविवारी संध्याकाळी शेतातून घरी जाणारी माणसे, दुचाक्या आणि ट्रॅक्टर असतात.

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. मुंबईकडून इगतपुरी जवळ आली. ‘सकाळी जाऊन रात्री परत’ हा बेत आता अधिक सोपा वाटतो आणि म्हणूनच अधिक धोक्याचाही. गाडी चालवणारा न पिणारा असेल, चालक बरोबर असेल किंवा रेल्वेने आला असाल, तर एका दिवसाची सहल ठीक आहे. नाहीतर मुक्काम करणेच योग्य. टेस्टिंगच्या टेबलावर घोट थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते. ते वापरण्यात लाजण्यासारखे काही नाही, वाइनचे जाणकारही तेच करतात.

गेल्यावर द्राक्षे दिसतीलच का?

याचे उत्तर महिन्यावर अवलंबून आहे. अनेकांची निराशा इथेच होते.

युरोपात हिवाळ्यात वेल झोपी जातो आणि द्राक्षे साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तोडतात. आपल्याकडे तशी थंडी नाही, वेल वर्षभर जागाच असतो. म्हणून आपले बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ती काडी तयार करण्यासाठी. सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी, ती फळासाठी. पीक मात्र एकच.

  • जानेवारी ते मार्च : घड लगडलेले असतात, तोडणी सुरू असते. बघायला सर्वोत्तम काळ.
  • एप्रिल-मे : खरड छाटणी होऊन बाग बोडकी. ऊन कडक.
  • जून ते सप्टेंबर : हिरवीगार पाने, ढग, धरणाचे पाणी. फोटो सुंदर येतात, द्राक्षे नसतात.
  • ऑक्टोबर ते डिसेंबर : नवी फूट, फुलोरा, मग हिरवे मणी.

द्राक्षे पायाने तुडवण्याचा कार्यक्रमही तोडणीच्या काळातलाच. तो निव्वळ गमतीसाठी असतो. विक्रीची वाइन स्टीलच्या टाक्या आणि यंत्रांतूनच बनते.

आणखी एक गोष्ट. २६ जानेवारीच्या सुट्टीला जोडून बेत आखत असाल, तर लक्षात ठेवा, त्या दिवशी ड्राय डे असतो. बाग बघता येईल, टेस्टिंग होणार नाही.

शेतकऱ्याला काय मिळते?

खरा प्रश्न हा आहे आणि त्याचे उत्तर सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे नाही.

वाइनची सगळी द्राक्षे कंपनीच्या स्वतःच्या बागेत पिकत नाहीत. बरीचशी करार शेतीतून येतात. शेनिन ब्लां, सॉव्हिन्यॉं ब्लां, शिराझ, कॅबरने अशी वाणे शेतकरी लावतात आणि ठरलेल्या दराने कंपनीला देतात. दर द्राक्षांतल्या साखरेवर आणि प्रतीवर ठरतो.

खाण्याच्या द्राक्षात मणी टपोरा, चमकदार आणि एकसारखा लागतो. त्यासाठी विरळणी, जी.ए.चे डिपिंग अशी मजुरीची कामे एकामागून एक करावी लागतात. वाइनच्या द्राक्षात मणी लहानच बरा, कारण रंग आणि चव सालीत असते. त्यामुळे मजुरी वाचते आणि व्यापारी ऐनवेळी भाव पाडेल ही भीतीही कमी होते. मात्र बाजार तेजीत असताना किंवा निर्यात चांगली झाली असताना शेजारच्याला मिळालेला भाव करारवाल्याला मिळत नाही. अवकाळी पाऊस आणि गारपीट दोघांनाही सारखीच.

यात एक अडचण आहे. वाइनच्या द्राक्षाला गिऱ्हाईक एकच, वायनरी. खाण्याची द्राक्षे विकली गेली नाहीत तर त्यांचा बेदाणा करता येतो. वाइनच्या बीवाल्या, लहान मण्यांच्या द्राक्षांना बाजार समितीत कोण विचारणार? इंडेज अडचणीत आली आणि पाठोपाठ अनेक लहान वायनरी थंडावल्या, तेव्हा शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा काढून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली होती.

२७ जानेवारी २०२२ ला तेव्हाच्या राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ‘शेतकऱ्याचा फायदा’ हेच कारण दिले होते. त्याला जोरदार विरोध झाला आणि तो निर्णय अमलात आला नाही.

मग पर्यटनाचा पैसा? खोलीचे भाडे कंपनीकडे जाते, करारदार शेतकऱ्याकडे नाही. कराराच्या दरात तुमच्या ७,००० रुपयांच्या खोलीचा हिस्सा नसतो. गावाला मिळतात त्या नोकऱ्या : स्वयंपाकघर, साफसफाई, बागकाम, गाडी चालवणे, टेस्टिंगच्या टेबलावर माहिती देणे. थोडाफार भाजीपाला-दूध गावातून जाते, रस्त्याकडेला मिसळीची हॉटेले उभी राहतात. शेतीची मजुरी हंगामी असते, रिसॉर्टचा पगार दर महिन्याला येतो. बारावी झालेल्या मुला-मुलींसाठी हा फरक लहान नाही.

मग शेतकऱ्याने स्वतःच पाहुणे ठेवले तर?

ठेवता येतात. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले आहे. किमान एक एकर शेती असलेला शेतकरी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून कृषी पर्यटन केंद्र सुरू करू शकतो. बारामतीजवळ पांडुरंग तावरे यांनी या कल्पनेचा पाया घातला, त्याला आता वीस वर्षे झाली.

पण दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवायला हव्यात. एक, अशा केंद्रात परवान्याशिवाय वाइन देता येत नाही. द्राक्षे स्वतःची असली तरी घरी वाइन बनवून पाहुण्यांना विकणे हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. दोन, मोठे रिसॉर्ट बांधायचे तर जमीन बिनशेती करण्याचा प्रश्न येतो.

म्हणजे शेतकऱ्याने काय विकायचे? बागेतला मुक्काम, छाटणी-तोडणीचा अनुभव, घरचे जेवण, बेदाणा. वाइन चाखायला पाहुणा शेजारच्या वायनरीत जाईल आणि झोपायला शेतकऱ्याकडे येईल. बाहेरच्या देशांत वाइनची गावे याच जोडणीवर चालतात.

बाहेर काय झाले?

फ्रान्समधल्या अल्सास भागात १९५३ पासून ‘वाइन रूट’ आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलेनबॉशला १९७१ पासून. कल्पना साधी आहे : एकच मोठी वायनरी न दाखवता रस्ता दाखवायचा. त्यावरची लहान-मोठी सगळी गावे, बागा आणि घरगुती खोल्या त्या रस्त्याचा भाग होतात.

इटलीने १९८५ मध्ये कृषी पर्यटनाचा कायदाच केला. त्याची मुख्य अट अशी की शेती हाच प्रमुख व्यवसाय राहिला पाहिजे, पाहुणे हा जोडधंदा. अमेरिकेतल्या नापा खोऱ्याने १९६८ मध्येच शेतजमीन राखीव केली, नाहीतर वाइनमुळे आलेल्या गर्दीने बागांवरच घरे चढली असती.

आपल्याकडे हाच धोका आहे. बागेमुळे पर्यटक येतात, पर्यटकांमुळे जमिनीचा भाव चढतो, भाव चढला की बाग ठेवण्यापेक्षा प्लॉट पाडणे परवडते. गंगापूर धरणाचे पाणी नाशिक शहर पिते. वायनरीचे सांडपाणी आम्लधर्मी आणि सेंद्रिय घटकांनी भरलेले असते, रिसॉर्टचे सांडपाणी त्यात आणखी भर घालते. ते प्रक्रिया केल्याशिवाय सुटणार नाही, हे बघणारी यंत्रणा लागते. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकभोवती रस्ते आणि बांधकामे वाढत आहेत. त्यामुळे कुठे बांधायचे आणि कुठे बागच ठेवायची, हे आताच ठरायला हवे.

बुकिंगआधी हे विचारा

  • खोलीच्या भाड्यात टेस्टिंग आणि वायनरी टूर धरलेली आहे का?
  • आपण जाऊ त्या तारखांना ड्राय डे आहे का?
  • बागेत सध्या काय दिसेल? घड, फुलोरा की छाटलेल्या काड्या?
  • वाइनसाठी वयाची अट २१ वर्षे आहे. ओळखपत्र आणि मद्यपरवान्याची व्यवस्था काय?
  • मुले बरोबर असतील तर त्यांच्यासाठी काय आहे?
  • स्टेशनवरून ने-आण करता का? वंदे भारतसह मुंबईच्या अनेक गाड्या नाशिक रोडला थांबतात.
  • शेजारच्या बागेत फवारणी चालू असेल, तर फेरफटक्याची वेळ कोणती?

एक गोष्ट वाइनच्या जाहिरातबाजीत हरवते, ती इथे सांगायला हवी. ‘थोडी वाइन हृदयाला चांगली’ हे वाक्य आपण ऐकत आलो आहोत. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. तेव्हा औषध समजून कोणी पिऊ नये. न पिणाऱ्यालाही बाग, जेवण आणि धरणाकाठची सकाळ मोकळीच आहे.

थोडक्यात काय?

वायनरीला मुक्काम हवा आहे कारण त्यात जाहिरात, थेट विक्री आणि रोजचा पैसा आहे. पर्यटकाला तो हवा, कारण चाखल्यावर गाडी चालवणे कायद्यातही बसत नाही आणि शहाणपणातही. गावाला तो हवा, पण त्यासाठी पाहुण्याने एका रिसॉर्टच्या फाटकातून आत जाऊन त्याच फाटकातून बाहेर पडणे पुरेसे नाही.

पुढच्या वेळी गेलात तर एक रात्र वायनरीत आणि एक रात्र जवळच्या नोंदणीकृत कृषी पर्यटन केंद्रात राहून बघा. परत येताना वाइनच्या बाटलीबरोबर शेतकऱ्याकडून दोन किलो बेदाणाही घ्या. ७५० मिलीच्या एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षे लागतात. ती कोणी पिकवली, हे निदान एका माणसाच्या तोंडून ऐकायला मिळेल.